न कापता होणारी कपात

अर्थसंकल्प मांडला गेला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक चौकट ठरलेली असते: काय स्वस्त झाले, काय महागले. सोने, मोबाइल, प्राप्तिकराच्या पायऱ्या, शेतकऱ्यांसाठीची नवी घोषणा हे सगळे तिथे सापडते. ज्यांच्या बाबतीत काहीच बदलले नाही त्यांना त्या चौकटीत जागा नसते. जे होते ते तसेच आहे, मग बातमी कसली? निराधार, विधवा, दिव्यांग आणि वृद्ध यांना सरकारकडून दरमहा मिळणाऱ्या पैशांच्या बाबतीत मात्र हा समज फसवा आहे. त्यांच्या रकमेला हात न लावणे हाही अर्थसंकल्पातला एक निर्णयच असतो, आणि त्याचा परिणाम कपातीसारखाच होतो.

उदाहरण अगदी रोजचे घेऊ. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेखाली ६५ वर्षांवरील गरीब वृद्धाच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये जमा होतात. गावात कोणी त्याला ‘निराधारचे पैसे’ म्हणते, कोणी ‘डोल’ म्हणते. खातेदाराचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर ती एकच रक्कम प्रत्यक्षात दोन खिशांतून आलेली असते. १३०० रुपये मुंबईहून, राज्याच्या तिजोरीतून, आणि २०० रुपये दिल्लीहून, इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेतून. या योजनेला हे नाव २००७ मध्ये मिळाले तेव्हाही केंद्राचा हिस्सा २०० रुपयेच होता. ऐंशी ओलांडलेल्यांसाठी तो २०११ मध्ये ५०० झाला. साठ ते एकोणऐंशी या वयोगटासाठी तो आजही २०० आहे. या अवधीत एकाही अर्थमंत्र्याने सभागृहात उभे राहून ‘आम्ही वृद्धांचे निवृत्तिवेतन कमी करत आहोत’ असे म्हटलेले नाही. तरीही त्या २०० रुपयांत तेव्हा जेवढे सामान येत होते, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच आज येते. कोणी कापले नाही, तर मग कमी कसे झाले?

मापट्याच्या तळाचे मेण

धान्य मोजायचे एक मापटे डोळ्यांसमोर आणा. बाहेरून ते जुनेच आहे, कड तीच, उंची तीच. पण दरवर्षी कोणीतरी त्याच्या तळाला मेणाचा पातळ थर देते. पहिल्या वर्षी कोणाच्या लक्षात येत नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. पंधरा वर्षांनी तेच मापटे काठोकाठ भरले तरी पोत्यात निम्मेच दाणे पडतात. देणारा मात्र प्रामाणिकपणे सांगू शकतो की मी मापटे बदललेले नाही. रुपयांत ठरवलेली प्रत्येक रक्कम अशा मापट्यासारखी असते, आणि तळाला चढणारे मेण म्हणजे महागाई.

हे मेण किती चढले ते मोजायचे साधन सरकारकडेच आहे. ग्राहक किंमत निर्देशांक म्हणजे सामान्य घरात लागणाऱ्या वस्तूंची एक ठरीव पिशवी. त्या पिशवीची किंमत दर महिन्याला काढली जाते. २०१२ सालची किंमत १०० धरली तर २०२५ मध्ये हा आकडा १९५ च्या आसपास होता, म्हणजे पिशवीची किंमत जवळजवळ दुप्पट झाली. केंद्राकडून विधवांना आणि तीव्र अपंगत्व असलेल्यांना मिळणारे ३०० रुपये २०१२ पासून जागचे हललेले नाहीत. म्हणून त्या तीनशेची किंमत आता तेव्हाच्या दीडशेला थोडी पुढेमागे. वृद्धांचे २०० त्याहून जुने. औद्योगिक कामगारांसाठीचा जुना निर्देशांक जोडून हिशेब केला, तर आजचे २०० रुपये २००७ च्या भावाने पासष्टच्या आसपास भरतात. आणखी मागे गेले तर चित्र जास्तच बोचते. ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली तेव्हा केंद्र ७५ रुपये देत असे. ते ७५ रुपये फक्त महागाईच्या पावलाने चालत आले असते, एका पैशाची खरी वाढ न होता, तर आज ते साडेचारशेच्या वर असते. म्हणजे आजचे २०० हे तीस वर्षांपूर्वीच्या ७५ च्या निम्म्याहूनही कमी आहेत.

घरच्या घरी अंदाज बांधायची एक सोपी युक्ती आहे. ७२ ला महागाईच्या दराने भागा. जे उत्तर येईल तेवढ्या वर्षांत पैशाची ताकद निम्मी होते. दर ६ टक्के असेल तर बारा वर्षे, ५ टक्के असेल तर चौदा-साडेचौदा. म्हणून ‘महागाई आटोक्यात आहे’ हे वाक्य पगारदाराला दिलासा देत असेल, पण गोठलेल्या रकमेवर जगणाऱ्याला ते एवढेच सांगते की मेण जरा सावकाश चढते आहे. मेण चढायचे थांबत नाही, आणि भाव वाढायचा वेग मंदावला म्हणून आधी गेलेली ताकद परत येत नाही.

एकाच तिजोरीतून दोन रीती

यावर कोणी म्हणेल, महागाई सगळ्यांनाच आहे, सरकार तरी काय करणार? पण सरकारला काय करता येते याचे उत्तर सरकारच वर्षातून दोनदा देते. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा आणि त्यांच्या निवृत्तिवेतनधारकांचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै अशा दोन तारखांपासून वाढतो. त्यासाठी नवी योजना लागत नाही. निर्देशांक किती हलला ते पाहायचे, सूत्रात घालायचे, आदेश काढायचा. २०१६ मध्ये सातव्या वेतन आयोगानंतर शून्यापासून सुरू झालेला हा भत्ता जुलै २०२५ पासून मूळ वेतनाच्या ५८ टक्के झाला. यात काही चुकीचे नाही. ज्याने आयुष्यभर नोकरी केली त्याचे निवृत्तिवेतन महागाईने खाऊ नये, हे न्याय्यच आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की हाच न्याय, त्याच तिजोरीतून पैसे घेणाऱ्या निराधार विधवेला का लागू होत नाही? डाळ-तेलाच्या दुकानात दोघांना भाव एकच लागतो.

ही सांगड फक्त नोकरदारांपुरती आहे असेही नाही. रोजगार हमीच्या मजुरीचा दर शेतमजुरांसाठीच्या किंमत निर्देशांकाला जोडून दरवर्षी वाढवला जात आला. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात तो दिवसाला २९७ रुपये होता, २०२५-२६ मध्ये ३१२ झाला. वाढ अपुरी आहे ही तक्रार रास्त असली तरी तिची तारीख ठरलेली होती. उलट बाजूला खासगी कारखान्यांतल्या, साखर कारखान्यांतल्या, सूतगिरण्यांतल्या निवृत्त कामगारांच्या ईपीएस-९५ योजनेकडे पाहा. तिथले किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये १००० रुपये झाले आणि अकरा वर्षांनंतरही तेवढेच राहिले.

दोन रीतींतला खरा फरक रकमेचा नाही, दिशेचा आहे, आणि या लेखातला मुख्य मुद्दा हाच आहे. महागाई भत्त्याच्या रीतीत वाढ आपोआप होते. ती थांबवायची तर कोणाला तरी सही करावी लागते. गोठलेल्या रकमेच्या रीतीत घट आपोआप होते. ती थांबवायची तर कोणाला तरी मेहरबानी करावी लागते. याचा पुरावा करोनाच्या काळात मिळाला. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने जानेवारी २०२० ते जून २०२१ अशा दीड वर्षाच्या महागाई भत्त्याच्या वाढी गोठवल्या. त्यासाठी लेखी आदेश काढावा लागला. तो देशभर गाजला, कर्मचारी संघटनांनी विरोध केला, आणि अठरा महिन्यांच्या थकबाकीची मागणी अजूनही होते. कपात योग्य होती की अयोग्य, हे बाजूला ठेवू. ती दिसली, तिच्याखाली सही होती आणि सही करणाऱ्याला जाब विचारता आला. वृद्धांचे २०० रुपये गोठवण्यासाठी कोणताही आदेश निघाला नाही, कारण त्याची गरजच नव्हती. काहीही न करणे पुरेसे होते.

किलो झिजत नाही, पाट मात्र मोजलेले

रुपया झिजतो तसा किलो झिजत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला तेव्हा प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला ५ किलो धान्य ठरले. आजही ते ५ किलोच आहे, आणि त्या पाच किलोंच्या भाकऱ्या आजही तेवढ्याच होतात. बाजारात ज्वारी कितीही चढो, हक्क वजनात लिहिलेला असल्यामुळे महागाईचा भार सरकार उचलते, घर उचलत नाही. रोख पैसे द्यावेत की वस्तू द्यावी, हा वाद अर्थशास्त्रात जुना आहे आणि रोखीच्या बाजूनेही चांगली कारणे आहेत: माणसाला आपली गरज आपण ठरवता येते, वाटेतली गळती कमी होते. पण त्या वादात ही एक गोष्ट नेहमी मागे पडते की वस्तूत दिलेला हक्क आपोआप महागाईशी बांधलेला असतो. वस्तूच्या जागी रोख देताना सांगड घातली नाही, तर पहिल्या वर्षी दोन्ही सारखे दिसतात आणि दहाव्या वर्षी दिसत नाहीत.

धान्याच्या बाबतीत मग कपात होतच नाही का? होते, फक्त ती दुसऱ्या दाराने येते. पंगतीचे उदाहरण घ्या. ताटातले पदार्थ कमी करायचे नसतील तर पाट कमी मांडायचे, किंवा पाहुणे वाढले तरी पाट तेवढेच ठेवायचे. अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातल्या ७५ टक्के आणि शहरी भागातल्या ५० टक्के लोकांपर्यंत धान्य पोहोचवायचे ठरवले. पण तेवढे टक्के म्हणजे नेमकी किती माणसे, हे २०११ च्या जनगणनेवरून काढले गेले. त्या हिशेबाने देशाचा आकडा सुमारे ८१ कोटी ३५ लाख आला आणि महाराष्ट्राचा ७ कोटी १६ हजार. त्यानंतर लोकसंख्या वाढली, पाट वाढले नाहीत. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता ती २०२७ मध्ये व्हायची आहे. तोवर नव्या सुनेचे किंवा नातवाचे नाव शिधापत्रिकेवर चढवायला गेलेल्या कुटुंबाला ‘कोटा भरला आहे’ हे उत्तर मिळू शकते, आणि ते देणारा पुरवठा कारकून खोटे बोलत नसतो.

केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत तर रक्कम आणि पाट दोन्ही गोठलेले आहेत. राज्यागणिक किती लाभार्थी धरायचे, ही मर्यादा २००१ ची लोकसंख्या आणि २००४-०५ चे दारिद्र्याचे प्रमाण यांच्या आधारावर घातलेली आहे. ग्रामीण भागात दारिद्र्यरेषेची यादी म्हणजे २००२ च्या पाहणीची यादी. त्या वर्षी जो चाळिशीत होता आणि बऱ्यापैकी कमावत होता, तो आता साठी ओलांडून थकला असला तरी कागदावर अजून तसाच उभा आहे. संसदेच्या ग्रामविकासविषयक स्थायी समितीने या रकमा आणि याद्या सुधारण्याची शिफारस पुन्हा पुन्हा केली आहे.

एकवीस हजारांचा उंबरठा

रक्कम आणि संख्या यांच्या जोडीला तिसरी जागा आहे पात्रतेच्या उत्पन्नाची. तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून ती जरा जवळून पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजना २ ऑक्टोबर १९८० पासून राज्यात आहे. तिच्यासाठी अर्ज करताना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावे लागते. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५० हजार आहे. इतरांसाठी २१ हजारांचा आकडा दशकाहून जास्त काळ तोच आहे.

आता रोजगार हमीचा २०२५-२६ चा ३१२ रुपयांचा दर घ्या आणि त्याने २१ हजारांना भागा. सदुसष्ट दिवसांची मजुरी होते २०,९०४ रुपये. अडुसष्टाव्या दिवशी हाच आकडा २१,२१६ होतो. याचा अर्थ असा की निराधार बाईच्या घरात एखाद्याने वर्षातले फक्त ६८ दिवस सरकारी दराने माती उचलली, तर सरकारच्याच दुसऱ्या नियमाने ते घर गरीब राहत नाही. इकडे मजुरीचा दर निर्देशांकाबरोबर दरवर्षी वर चढत आला, तिकडे उंबरठा जागेवर राहिला. त्यामुळे कोणाचीही परिस्थिती न सुधारता दरवर्षी थोडी घरे उंबरठ्याबाहेर गेली. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत याच राज्याने कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली आहे, आणि रक्कम दोन्हीकडे १५०० आहे. अडीच लाखांची मर्यादा जास्त आहे असे मी म्हणत नाही. २१ हजारांची मर्यादा आजच्या जगातली नाही, एवढेच म्हणतो.

अशा उंबरठ्याचा आणखी एक दुष्परिणाम होतो, आणि तो पैशांत मोजता येत नाही. खरे उत्पन्न सांगून पात्र ठरणे जवळपास अशक्य झाले की तलाठ्यापासून तहसीलपर्यंत सगळ्यांनी मिळून एक खोटा आकडा लिहिणे ही रीत बनते. ज्याची ओळख आहे, ज्याला सेतूमधल्या खिडकीवर बोलता येते, त्याला दाखला मिळतो. ज्याला खरे सांगायची सवय आहे तो परत जातो. मग पुढे कधी पडताळणी झाली की याच दाखल्यांवर बोट ठेवून ‘योजनेत बोगस लाभार्थी फार’ असा निष्कर्ष निघतो. नियमाने जन्माला घातलेला खोटेपणा माणसांच्या नावावर लिहिला जातो.

चौकट: अर्थसंकल्पातले तीन आकडे आणि एक मागणी

एकाच योजनेपुढे अर्थसंकल्पाच्या पुस्तकात तीन वेगळे आकडे असतात. वर्ष सुरू होण्यापूर्वी ‘एवढे लागतील’ म्हणून धरलेला तो अर्थसंकल्पीय अंदाज; बातमीत येतो तो हाच. वर्ष सरत आले की बदललेल्या परिस्थितीनुसार धरलेला तो सुधारित अंदाज. आणि वर्ष संपल्यावर खरोखर गेले ते प्रत्यक्ष खर्च, जो साधारण दोन वर्षांनी छापला जातो आणि तेव्हा फारसे कोणी पाहत नाही. मधेच पैसे कमी पडले तर सरकार विधिमंडळापुढे पुरवणी मागणी ठेवते. म्हणून घोषणेच्या दिवशीचा आकडा एकटा वाचू नये. त्याच ओळीतला मागच्या वर्षीचा सुधारित अंदाज शेजारी ठेवावा.

छत्तीस हजार कोटींत किती बहिणी?

या चौकटीचा उपयोग कसा होतो ते लाडकी बहीण योजनेवरच करून पाहू. २८ जून २०२४ रोजी राज्याच्या अतिरिक्त अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटी रुपये खर्चाचा अंदाज सांगितला गेला. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तरतूद होती ३६ हजार कोटींची. एका बाईचे वर्षाचे १८ हजार रुपये होतात. ४६ हजार कोटींना १८ हजारांनी भागले तर साधारण अडीच कोटी महिला येतात. ३६ हजार कोटींना भागले तर बरोबर दोन कोटी. प्रत्यक्षात २०२५ च्या सुरुवातीला पैसे घेणाऱ्या महिला दोन कोटी चाळीस लाखांच्या आसपास होत्या. म्हणजे मार्च महिन्यातच तरतुदीच्या आकड्याने संख्या कमी होणार हे सांगून टाकले होते.

हा हिशेब ढोबळ आहे, हे मान्य करायलाच हवे. नमो शेतकरी महासन्मान निधी आणि पीएम किसान यांचे पैसे घेणाऱ्या महिलांना पूर्ण १५०० मिळत नाहीत, फरकाचे ५०० मिळतात. त्यामुळे तेवढ्याच पैशांत थोड्या जास्त महिला बसतात. शिवाय तरतूद म्हणजे काही कुलूप नव्हे, पुरवणी मागणीने ती वाढवता येते. पण दिशा हिशेबाने बरोबर दाखवली. पुढे चारचाकी, एका घरातल्या दोनपेक्षा जास्त लाभार्थी, सरकारी नोकरी, दुसऱ्या योजनेचा लाभ अशा निकषांवर छाननी झाली. २०२५ च्या मध्याला सुमारे २६ लाख महिलांचा लाभ तात्पुरता थांबवल्याचे सरकारनेच सांगितले, आणि सप्टेंबरपासून ई-केवायसी सक्तीची झाली. यातल्या कित्येक जणी नियमाने अपात्र असतीलही. तरी क्रम लक्षात घ्यावा: आधी नाव चढवताना दार सताड उघडे, नंतर पैसे कमी पडू लागल्यावर चाळणी बारीक. चाळणीत अडकणाऱ्यांत गरज नसलेली बाई असते, तशी जिचा अंगठा यंत्रावर उमटत नाही किंवा जिच्या आधारला भलताच मोबाइल जोडलेला आहे ती बाईही असते.

आणि या योजनेच्या १५०० रुपयांनाही महागाईची सांगड नाही. निवडणुकीत २१०० चे आश्वासन दिले गेले, त्यावर भरपूर बोलले जाते. पण आपोआप वाढीची तरतूद का नाही, हा प्रश्न क्वचितच ऐकू येतो. भाव वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत राहिले तर दहा वर्षांनी त्याच १५०० रुपयांत आजच्या सव्वानऊशे रुपयांचा माल मिळेल.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा की राज्य सरकारे अधूनमधून रक्कम वाढवतातच. महाराष्ट्राने निराधारांचे ६०० रुपये २०१९ मध्ये १००० केले, २०२३ मध्ये १५००. दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २५०० केले. हे खरे आहे, आणि २०१९ ते २०२३ मधली वाढ महागाईपेक्षा जास्त होती हेही नोंदवायला हवे. पण उडी मारत होणारी वाढ आणि पायरीपायरीने होणारी वाढ शेवटी एकाच उंचीवर पोहोचली तरी मधली वर्षे सारखी नसतात. ६०० रुपये कित्येक वर्षे गोठलेले असताना जी माणसे म्हातारी झाली आणि गेली, त्यांना २०१९ ची उडी उपयोगी पडली नाही. उडी कधी मारायची ते सरकार ठरवते, आणि निवडणुका जवळ असल्या की ती जास्त उंच जाते. ज्याला हक्क म्हणायचे त्याचे रूप मग बक्षिसाचे होते.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो गंभीर आहे. केंद्राचे हे सगळे निवृत्तिवेतन ज्या राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमातून येते, त्याची २०१९-२० च्या अर्थसंकल्पातली तरतूद ९,२०० कोटी होती, २०२५-२६ ची ९,६५२ कोटी. याच काळात केंद्राचा एकूण अर्थसंकल्प २७.८६ लाख कोटींवरून ५०.६५ लाख कोटींवर गेला. सरकारने हजार रुपये खर्च केले तर त्यातले ३ रुपये ३० पैसे या लोकांसाठी होते, ते १ रुपया ९० पैसे झाले. रक्कम उद्या दुप्पट केली, म्हणजे २०१२ पासूनची झीज बहुतेक भरून काढली, तर हजारात आणखी सुमारे १ रुपया ९० पैसे लागतील. हा खर्च आहे, फुकट नाही. पण परवडत नाही म्हणावे इतका तो नक्कीच नाही, आणि एकदा झीज भरून काढली की पुढची वार्षिक वाढ ४-५ टक्क्यांची असेल, तर महसूलही महागाईबरोबर वाढत असतो.

तिसरा आक्षेप: सूत्र घातले की निवडून आलेल्या सरकारचे हात बांधले जातात. दुष्काळ आला, महसूल घटला, तर काय करायचे? उत्तर करोनाकाळच्या त्याच आदेशात आहे. सूत्र असले तरी सरकार वाढ रोखू शकते, फक्त ते उघडपणे करावे लागते. हात बांधले जात नाहीत, ते टेबलावर ठेवावे लागतात. राजस्थानने २०२३ च्या किमान हमी उत्पन्न कायद्यात निवृत्तिवेतनाला वर्षाला १५ टक्के आपोआप वाढ घातली, जुलैत ५ आणि जानेवारीत १० टक्के. माझ्या मते १५ हा ठोकळ आकडा महागाईशी जोडलेला नसल्यामुळे पुढे डोईजड होऊ शकतो. निर्देशांकाची सांगड त्याहून बरी. पण वाढीची तारीख कायद्यात लिहिता येते हे त्या राज्याने दाखवले.

नुसता कायदा असून भागत नाही, याचेही उदाहरण आहे. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये गरोदर आणि स्तनदा मातांना किमान ६००० रुपये देण्याचे ठरवले. २०१७ मध्ये प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली तेव्हा पहिल्या बाळासाठी ५००० ठरले आणि उरलेले दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या दुसऱ्या योजनेतून मिळतील असे सांगितले गेले. कायद्यातला आकडा स्वतःही तेव्हापासून हललेला नाही. महागाईबरोबर चालला असता तर आज दहा हजारांच्या वर असता.

राहता राहिली ‘बोगस लाभार्थी आधी काढा, मग वाढीचे बोला’ ही सूचना. पडताळणी जरूर व्हावी, दरवर्षी हयातीचा दाखला घेतला जातो तसा आणि त्याहून नीट. पण रक्कम गोठवून बोगस माणूस बाहेर जात नाही. त्याला ते पैसे वरकमाईचे असतात, कमी पडले तरी चालतात. ज्याचे महिन्याचे तेल-मीठ आणि रक्तदाबाच्या गोळ्या त्याच पैशांतून येतात, झीज त्याला लागते.

निर्देशांकाची सांगड घालायला राजकीय एकमत लागेल आणि वेळही. त्याआधी एक लहान गोष्ट खर्चाशिवाय करता येईल. सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाच्या, आणि दिल्लीत ग्रामविकास मंत्रालयाच्या, अर्थसंकल्पी पुस्तकात प्रत्येक योजनेच्या रकमेपुढे आणखी दोन रकाने छापावेत: ही रक्कम शेवटची कधी ठरली, आणि त्या वर्षीच्या भावाने आज तिची किंमत किती. केंद्राच्या विधवा निवृत्तिवेतनापुढे मग असे छापले जाईल: ३०० रुपये, २०१२, सुमारे १५५.